लेगोमधून टाटा १६१३ ची मोठी प्रतिकृती : प्रमाण, चॅसिस आणि केबिन कसे ठरवावे?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. टाटा एलपीटी १६१३ या ट्रकची मोठी आणि तपशीलवार प्रतिकृती लेगोमधून बांधायचे मनात आहे. तुकडे मागवण्यापूर्वी जाणकारांचे म्हणणे ऐकून घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे. तयार संचांपैकी मॅक अँथम हा ट्रक (संच क्रमांक ४२०७८, २,५९५ तुकडे) मी बांधलेला आहे. तो उत्तम आहे, परंतु टेक्निकचा (लेगोच्या भोके, पिना आणि ॲक्सल असलेल्या यांत्रिक मालिकेचा) संच असल्यामुळे त्याच्या अंगावर भोके आणि फटी दिसत राहतात. मला हवे आहे ते १९८६ साली सुरू झालेल्या लेगोच्याच मॉडेल टीम मालिकेच्या वळणाचे बांधकाम, ज्यात पत्रा पत्र्यासारखा आणि फळी फळीसारखी दिसते.

ट्रक माझ्या काकांचा आहे आणि कोल्हापूर भागात अजून धावतो. ज्यांना या नावांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो की १६१३ मधले १६ म्हणजे मालासकट एकूण वजन टनांत आणि १३ म्हणजे सुमारे १३० अश्वशक्तीचे इंजिन. टेप लावून घेतलेली मापे अशी आहेत : हौदा बाहेरून ८ फूट रुंद आणि १७ फूट लांब, केबिन २.२८ मीटर रुंद, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर सुमारे ४.२ मीटर, चॅसिसचे लोखंडी चॅनल साधारण २२ सेंटिमीटर उंच आणि दोन चॅनलमधले बाहेरून-बाहेर अंतर ८६ सेंटिमीटर. टायर १०.००-२० मापाचे असून मागे जोडचाके आहेत.

माझे प्रश्न तीन आहेत. प्रमाण कोणते धरावे? एवढा लांब चॅसिस मधोमध खचू नये म्हणून आतून काय करावे? आणि केबिनचा पुढचा चेहरा, जो मुळातच बॉडी बिल्डरने हाताने घडवलेला आहे, तो ब्रिकमध्ये कसा बसवावा? मोटर बसवावी की नाही याविषयी माझे मत अजून बनलेले नाही, त्यामुळे त्याबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल.

आठ_मिलिमीटर

घाटमाथा, मापे घेऊन आलात हे फार चांगले केलेत. बहुतेक लोक फोटोवरून सुरुवात करतात आणि केबिन झाल्यावर चाके शोधायला निघतात. क्रम उलटा हवा. या छंदात बाकी सगळे तुकड्या-तुकड्यांनी जुळवता येते, परंतु टायर हा एकच भाग कारखान्याने ज्या मापात काढला त्याच मापात घ्यावा लागतो. म्हणून प्रमाण टायर ठरवतो, आपण नाही.

१०.००-२० चा टायर बाहेरून साधारण १ मीटर ५ सेंटिमीटर व्यासाचा आणि २८ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. आता लेगोचे टायर पाहा. ८१.६ मिमी व्यासाचा टायर घेतला तर प्रमाण १:१३ येते आणि ते ऐकायला छान वाटते, पण तो टायर ३८ मिमी रुंद आहे, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ अर्धा मीटर. मागच्या चार चाकांनीच १५२ मिमी खाल्ले, तर १:१३ च्या हिशेबाने एकूण १८७ मिमी रुंदीच्या ट्रकमध्ये चॅसिसला राहिले किती? ४९.५ मिमीचा टायर घ्यावा तर प्रमाण १:२१ वर जाते, आणि २० मिमीची त्याची रुंदी पुन्हा ४२ सेंटिमीटरच्या टायरसारखी दिसते. ६२.४ × २० मिमीचा टायर मात्र १:१७ च्या प्रमाणाला जवळजवळ नेमका बसतो. रुंदीला तो किंचित गुबगुबीत आहे, पण मालाने भरलेल्या ट्रकचे टायर तसेही फुगलेले दिसतात, त्यामुळे एवढे चालून जाते.

१:१७ धरल्यावर तुमची मापे किती गुण्यागोविंदाने बसतात ते पाहण्यासारखे आहे. लेगोचा एक स्टड, म्हणजे तुकड्यावरची गोल गाठ आणि तिच्यापुरती जागा, ८ मिमीचा. ८ फुटी हौदा १४३.४ मिमी होतो आणि १८ स्टड म्हणजे १४४ मिमी. चाकांमधले ४.२ मीटर २४७ मिमी होतात आणि ३१ स्टड म्हणजे २४८. १७ फुटी हौदा १:१७ मध्ये बरोबर एक फुटाचा होतो हे तर सांगायलाच नको. हा निव्वळ योगायोग आहे, पण काकांना सांगितलात तर त्यांना आवडेल.

अडचण एकट्या केबिनची आहे. २.२८ मीटरचे १३४ मिमी होतात, म्हणजे १६ स्टडला ते जास्त आणि १७ स्टडला थोडे कमी. १७ घेऊ नका, कारण विषम रुंदीत मध्यरेषा स्टडवर येते आणि काचेच्या मधल्या खांबापासून नंबर प्लेटपर्यंत प्रत्येक ठिकाणी जम्पर प्लेटची (तुकडा अर्धा स्टड सरकवून बसवणाऱ्या प्लेटची) कसरत करावी लागते. त्याऐवजी केबिनचा गाभा १६ स्टडचा, म्हणजे १२८ मिमीचा ठेवा आणि दोन्ही बाजूंना कडेचे ब्रिक बाजूला स्टड असलेले (८७०८७ क्रमांकाचे) वापरून त्यांवर टाइल (वर स्टड नसलेले गुळगुळीत पातळ तुकडे) आडव्या बसवा. टाइलची जाडी ३.२ मिमी असते. दोन्ही बाजूंच्या मिळून ६.४ मिमी वाढल्या की रुंदी १३४.४ होते आणि दरवाजाचा पत्राही आपोआप गुळगुळीत मिळतो.

आइंडहोवनकर

वरच्या प्रतिसादातील गणिताशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र टायरबद्दल एक आक्षेप नोंदवतो. ६२.४ च्या टायरची रिम ४३.२ मिमीची आहे, म्हणजे व्यासाच्या जवळजवळ ६९ टक्के. १०.००-२० च्या टायरमध्ये रिम २० इंचांची, म्हणजे ५०८ मिमीची असते आणि ती टायरच्या व्यासाच्या निम्म्याहूनही थोडी कमी भरते. इकडे युरोपात लोक स्कॅनिया किंवा व्होल्वो बांधतात, त्यांच्या २९५/८० मापाच्या टायरला २२.५ इंचांची रिम असते आणि प्रमाण ५५ टक्क्यांपर्यंत जाते. तिथेही लेगोची रिम मोठीच पडते, पण चकचकीत ॲल्युमिनियमच्या रिमकडे पाहण्याची सवय असल्याने डोळा ते सोडून देतो. जुन्या भारतीय ट्रकची ओळखच मुळी जाड रबर आणि आत खोल गेलेली छोटी लोखंडी रिम ही आहे. तिथे ही चूक लपत नाही.

यावर उपाय असा की रिम शक्य तितक्या गडद रंगाची घ्यावी, म्हणजे तिची बाहेरची कडी रबराचाच भाग वाटते, आणि मधोमध ४ × ४ ची गोल डिश बसवावी. ती ३२ मिमीची असते, आणि ५०८ मिमीला १७ ने भागले तर ३० मिमी येतात, तेव्हा खऱ्या रिमच्या मापाला ती पुरेशी जवळ आहे. पुढच्या चाकाला डिश बाहेर फुगलेली आणि मागच्या जोडचाकाला आत दबलेली ठेवा. खऱ्या ट्रकमध्येही पुढची रिम बाहेर येते आणि मागची आत जाते, कारण ती एकच रिम उलटसुलट लावलेली असते. प्रदर्शनात ट्रकशी संबंध असलेला माणूस सर्वांत आधी चाकेच पाहतो, असा माझा अनुभव आहे.

कमानपाटा

चॅसिसबद्दल लिहितो, कारण या प्रश्नावर नेहमी ‘जास्त टेक्निक वापरा’ एवढेच उत्तर मिळते आणि त्याने काही साधत नाही.

तुमच्या चॅनलची २२ सेंटिमीटर उंची १:१७ मध्ये १३ मिमी होते. एक टेक्निक ब्रिक (बाजूला भोके असलेली) ९.६ मिमी आणि त्यावर एक प्लेट (ब्रिकच्या एक तृतीयांश उंचीचा पातळ तुकडा) ३.२ मिमी, मिळून १२.८. तेव्हा बाहेरून दिसणारा चॅनल एवढाच उंच ठेवा, जाड करू नका, कारण हौद्याखाली दिसणारी मोकळी जागा हीच या ट्रकच्या बाजूच्या दृश्यातली खरी गंमत आहे. दोन चॅनल बाहेरून-बाहेर ६ स्टडवर येतील. मागे दोन्ही बाजूंच्या जोडचाकांना मिळून ८० मिमी लागतात, १४४ मधून ते वजा केले तर ६४ राहतात, आणि ६ स्टडच्या चॅसिसनंतर दोन्ही बाजूंना बरोबर एकेक स्टड उरतो. तो कमानपाट्यांचा, म्हणजे धुरीवरच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचा. फार ऐसपैस नाही, पण खऱ्या ट्रकखाली वाकून पाहिलेत तर तिथेही हात घालायला जागा नसते.

आता खचण्याचा प्रश्न. टेक्निक ब्रिक लांबीला १६ स्टडपर्यंतच मिळते, त्यामुळे ४२-४३ सेंटिमीटरच्या चॅसिसमध्ये प्रत्येक बाजूला तीन जोड येणारच, आणि १३ मिमी उंचीचा जोडलेला पट्टा स्वतःच्या बळावर तग धरत नाही. खऱ्या ट्रकमध्ये हौदा थेट चॅसिसवर बसत नाही. मध्ये लाकडाचे लांब बत्ते असतात आणि ते यू-बोल्टने चॅसिसला आवळलेले असतात. आपण तेच करायचे. चॅसिसच्या वर हौद्याच्या तळाचा भाग म्हणून एक प्लेट आणि तिच्यावर टेक्निक ब्रिकचा दुसरा थर द्यायचा. म्हणजे खालून वर ब्रिक, प्लेट, प्लेट, ब्रिक असा क्रम होतो. खालच्या ब्रिकच्या भोकापासून वरच्या ब्रिकच्या भोकापर्यंतचे उभे अंतर एक ब्रिक आणि दोन प्लेट, म्हणजे ९.६ अधिक ६.४, बरोबर १६ मिमी येते. १६ मिमी म्हणजे दोन स्टड. त्यामुळे तीन भोकांचा टेक्निक बीम उभा धरून त्याचे पहिले आणि तिसरे भोक पिनने या दोन थरांना अडकवता येते. असे बीम चॅनलच्या आतल्या अंगाने, दर सात-आठ स्टडवर लावा. स्टडची पकड कितीही चांगली असली तरी वजनाखाली थर उकलू पाहतात. पिन आडवी गेली की उकलण्याचा प्रश्नच राहत नाही, आणि दोन्ही थर मिळून पंचवीस मिमी उंचीच्या एकाच तुळईसारखे काम करतात.

खालच्या थरातले जोड आणि वरच्या थरातले जोड एकाच रेषेत येऊ देऊ नका, निदान आठ स्टडचा फरक ठेवा. आडव्या पट्ट्या केबिनच्या मागे, कमानपाट्यांच्या टोकांवर आणि अगदी शेवटी द्या. बाकी ठिकाणी कमी दिल्या तरी चालेल.

कमानपाट्यांसाठी टेक्निकच्या लवचीक ॲक्सल पाहा. मागचा पाटा साधारण दीड मीटर लांब धरला तर प्रतिकृतीत ८८ मिमी लागतात आणि ११ स्टडची ॲक्सल नेमकी तेवढीच असते. तिच्याखाली ७ स्टडची दुसरी ॲक्सल वाकवून बसवली की थर दिसतात. पाटे खरोखर काम करतील असे मात्र करू नका. तयार सस्पेन्शन बसवले की एवढ्या वजनाखाली ते पूर्ण दबते, आणि ट्रक रिकामा असूनही ओव्हरलोड झाल्यासारखा दिसतो.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. लाकडी बत्त्यांच्या जागी दुसरा थर देण्याची युक्ती फार पटली. आमच्या ट्रकला ते बत्ते आहेत आणि मी त्यांचे माप घ्यायचे राहूनच गेले होते. केबिनविषयी आणखी थोडे विचारतो. पुढची काच दोन तुकड्यांची, सपाट आणि मध्ये खांब असलेली आहे. केबिन नारिंगी, खालचा पट्टा तपकिरी, आणि हौद्यावर पिवळ्यावर लाल अशी नक्षी व अक्षरे आहेत. हे सगळे स्टिकरने करावे का?

रंगारी

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. असे ट्रक कंपनीतून अनेकदा काउल म्हणून बाहेर पडत. म्हणजे चॅसिस, इंजिन आणि पुढचा चेहरा एवढेच, बाकी केबिन आणि हौदा गावोगावच्या बॉडी बिल्डरने लाकूड आणि पत्रा वापरून उभा करायचा. म्हणून इंटरनेटवर सापडणाऱ्या दुसऱ्या १६१३ च्या फोटोंवर विसंबू नका. तुमच्या ट्रकच्या केबिनची उंची, टपावरच्या कॅरियरची कमान, दरवाजाची खिडकी हे सगळे त्या एका कारागिराचे आहे. समोरून, बाजूने आणि मागून, शक्य तितक्या लांब उभे राहून झूम करून फोटो काढा, म्हणजे कडा वाकड्या येणार नाहीत.

काच दोन तुकड्यांची आहे हे तुमच्या पथ्यावर पडले. पारदर्शक १ × ६ × ५ चे पॅनेल ४८ मिमी रुंद आणि ४८ मिमी उंच असते. अशी दोन शेजारी, मध्ये खांबाला जागा सोडून लावा आणि तळाची एक ब्रिक उंची डॅशबोर्डच्या पत्र्यामागे झाकून टाका. वर जी ३८ मिमी दिसेल ती खऱ्या मापात ६५ सेंटिमीटर होते. आडवी रेषा नसलेली अखंड काच मिळते हा याचा खरा फायदा आहे. पारदर्शक ब्रिक एकावर एक रचून केलेली काच लांबून खिडकीच्या जाळीसारखी दिसते.

हेडलाइट हा छोटा पण त्रासदायक भाग आहे. सात इंची दिव्याचे १:१७ मध्ये साडेदहा मिमी होतात. १ × १ ची गोल टाइल ८ मिमीची, म्हणजे ट्रक डोळे मिचकावल्यासारखा दिसतो, आणि २ × २ ची १६ मिमीची फार मोठी होते. मधोमध एकच स्टड असलेली २ × २ ची गोल प्लेट राखाडी रंगात घ्या आणि तिच्यावर पारदर्शक १ × १ ची गोल टाइल लावा. बाहेरची प्लेट दिव्याच्या कड्याचे काम करते आणि दोन्ही मिळून माप डोळ्याला बरोबर वाटते.

आता रंग. तपकिरी रंगाच्या तुकड्यांविषयी सावध करतो. लेगोचे काही वर्षांतले तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ निघाले, ही जगभरातल्या लेगोप्रेमींची जुनी तक्रार आहे. वापरलेला माल घेतलात तर क्लिप आणि पातळ प्लेट काढताना तुटतात. हौद्याच्या फळ्यांसाठी तपकिरी टाइल घ्यायला हरकत नाही, कारण त्या एकदा बसल्या की हलत नाहीत. ताण येणाऱ्या जागी, विशेषतः फाळक्याच्या (हौद्याच्या उघडत्या दाराच्या) बिजागरीला, हा रंग नको. बिजागरी काळी ठेवा. खऱ्या फाळक्यालाही तिथे काळे लोखंडच असते.

अक्षरे स्टिकरवर छापू नका असे मी म्हणणार नाही, परंतु कागदी स्टिकरची पांढरी कड नारिंगीवर उठून दिसते. पाण्यात भिजवून चिकटवायचे पारदर्शक डीकॅल मिळतात, ते टाइलवर उत्तम बसतात. फक्त एक अक्षर दोन टाइलच्या फटीवर येणार नाही अशा बेताने मजकूर आखा. फाळक्यावरचे २०-२५ सेंटिमीटर उंचीचे अक्षर १२ ते १५ मिमी होते, म्हणजे दोन स्टड रुंदीच्या टाइलवर ते आरामात मावते. भौमितिक नक्षी मात्र डीकॅलने न करता तुकड्यांचीच करा, कारण पिवळ्या आणि लाल पाव गोलाच्या टाइलमधून कमळाच्या पाकळ्या इतक्या सुरेख साधतात की छापलेली नक्षी तिच्यापुढे फिकी पडते. आणि मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिणार असाल तर ट्रक कोणत्या काळातला दाखवायचा ते आधी ठरवा. २०१५ साली महाराष्ट्रात त्या मजकुरावर बंदी आली, त्यामुळे नव्या रंगकामाच्या ट्रकवर तो चुकीचा दिसेल. मी तुमच्या जागी असतो तर जुना काळ धरला असता.

स्टेपनी

मोटर आणि खरेदी या दोन राहिलेल्या बाबींवर थोडक्यात लिहितो.

मोटर बसवायची झाली तर लेगोची पॉवर्ड अप ही मोटर आणि बॅटरीची मालिका घ्यावी. जुनी पॉवर फंक्शन्स मालिका बंद झाली असून तिचे सुटे भाग महाग पडतात. पॉवर्ड अपच्या टेक्निक हबमध्ये (बॅटरी आणि नियंत्रणाच्या डब्यात) सहा पेन्सिल सेल लागतात, आणि तो हब हौद्यात ताडपत्रीखाली मालाच्या जागी सहज लपतो. तरीही माझे मत मोटर नको असेच आहे. एवढ्या बारीक चॅसिसमधून गिअर मागच्या धुरीपर्यंत न्यायचे म्हणजे कमानपाटा यांनी सांगितलेल्या आडव्या पट्ट्या कापाव्या लागतील, आणि मग खचण्याचा प्रश्न पुन्हा दारात. पुढची चाके हाताने वळतील एवढे जरूर करा. स्टीअरिंगच्या दांड्याचे टोक केबिनच्या टपावर काढून तिथे कॅरियरवरची गुंडाळलेली दोरी म्हणून एक गोल तुकडा बसवला की तोच फिरवून चाके वळवता येतात, आणि पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

खरेदीबाबत. आयात खेळण्यांवरचे सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. येथील दुकानांतल्या किमती अशा का, याचे बरेचसे उत्तर यात आहे. त्यामुळे सुट्या तुकड्यांसाठी तयार संच फोडणे परवडत नाही. आधी स्टुडिओ या संगणकावर लेगो बांधण्याच्या मोफत प्रणालीत संपूर्ण ट्रक बांधा. ती तुकड्यांची यादी रंगांसह काढून देते आणि तीच यादी ब्रिकलिंकवर, म्हणजे सुटे तुकडे विकणाऱ्या दुकानांच्या संकेतस्थळावर, चढवता येते. तुमच्या मापावरून अडीच ते तीन हजार तुकडे लागतील असा माझा अंदाज आहे. दहा दुकानांतून स्वस्तात स्वस्त तुकडे वेचण्यापेक्षा दोन दुकानांतून थोडे महाग घ्या, कारण टपालखर्च आणि सीमाशुल्काची कटकट प्रत्येक पार्सलमागे वेगळी असते. विक्रेत्याला पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगा. कमी लिहिलेली किंमत सीमाशुल्क अधिकाऱ्याला पटली नाही तर पार्सल अडकून पडते.

चॅसिसच्या आतले, न दिसणारे तुकडे इतर कंपन्यांचे वापरावेत का, असे पुढे विचाराल म्हणून आताच सांगतो. हौद्याच्या आत भर घालायला वापरा. पण कमानपाटा यांनी सांगितलेल्या १६ मिमीच्या उभ्या बांधणीत वापरू नका. तिथे प्रत्येक ब्रिकमधला दशांश मिमीचा फरक साचत जातो, आणि एका टोकाच्या पिन सहज बसल्या तरी दुसऱ्या टोकाच्या ठोकून बसवाव्या लागतात.

घाटमाथा

मोटरचा विषय मी इथेच सोडतो. टपावरच्या दोरीने चाके वळवण्याची कल्पना अधिक आवडली. येत्या रविवारी गावी जात आहे, तेव्हा बत्त्यांची उंची, मागच्या कमानपाट्यांची लांबी आणि बंपरपासून पुढच्या धुरीपर्यंतचे अंतर घेऊन येतो. स्टुडिओमध्ये चॅसिस आणि पुढची दोन चाके झाली की चित्रे याच धाग्यात टाकीन. आइंडहोवनकर, ४ × ४ ची डिश ॲक्सलच्या टोकावर घट्ट बसण्यासाठी मागे कोणता तुकडा वापरता तेवढे कृपया कळवा.

आइंडहोवनकर

मध्ये ॲक्सलचे भोक असलेली २ × २ ची गोल ब्रिक वापरतो. ॲक्सल रिममधून पुरेशी बाहेर काढून त्या ब्रिकमध्ये घाला आणि डिश तिच्या स्टडवर दाबा. मागच्या जोडचाकाला बाहेरची रिम मुळातच खोल घ्यावी लागते, तिथे गोल ब्रिकऐवजी गोल प्लेट लावा, नाहीतर डिश टायरच्या बाहेर डोकावते.